रोज रात्री नऊला बफरिंग: प्लॅन वाढवण्याआधी हे तपासा

आमच्या घरी रात्रीचे नऊ वाजले की टीव्हीवर ते गोल चक्र फिरायला लागायचं. जेवणं उरकलेली, ओटा पुसून झालेला, लेक उशी घेऊन सोफ्यावर पसरलेली, आणि पडद्यावर कुणाचं तरी तोंड अर्धं उघडं राहिलेलं. वीस सेकंद चाल, दहा सेकंद थांब, पुन्हा चाल. सकाळी तोच एपिसोड लावला तर न अडखळता शेवटपर्यंत जायचा. मे महिन्यापासून दिवाळीपर्यंत हे दुखणं आम्ही दोनदा बरं केलं आणि दोन्ही वेळा ते परत आलं. कारण ते एक दुखणं नव्हतंच. एकावर एक चढलेली तीन होती, आणि वरचं काढल्याशिवाय खालचं दिसत नव्हतं.

आम्ही ऐरोलीत राहतो, सिडकोच्या जुन्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. कनेक्शन फायबरचं, भागातल्या केबलवाल्याकडून घेतलेलं. टीव्ही नावाला स्मार्ट आहे, पण त्यातली ॲप्स कधीच म्हातारी झाली, म्हणून मागे एचडीएमआयला स्ट्रीमिंगची स्टिक लावली आहे. बहुतेक घरांत हेच चित्र असणार, त्यामुळे आमच्या घरातला घोळ तुमच्या कामाला येईल.

यातली गंमत म्हणजे ठाणे-बेलापूर रोडने मी रोज महापेला ऑफिसला जाते, तेव्हा ऐरोली, रबाळे, महापे अशी डेटा सेंटरची रांगच दिसते. व्हिडिओवाल्या मोठ्या कंपन्या लोकप्रिय मालिका-सिनेमांच्या प्रती आपल्या जवळच ठेवतात. नेटफ्लिक्स तर त्यासाठी आपले सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच बसवून देते. म्हणजे आपण बघतो ते दर वेळी अमेरिकेतून येत नाही. ते खाडीच्या या बाजूपर्यंत बहुधा झोकात येतं आणि शेवटच्या काही मीटरांत अडकतं. आमचं अडकलं ते शेवटच्या दोन फुटांत.

आधी हिशेब: लागतं किती?

मी अकाउंट्सवाली आहे, आकडा मांडल्याशिवाय मला काही पटत नाही. नेटफ्लिक्स स्वतः सांगते की ७२० पी चित्राला ३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट्स), १०८० पीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस लागतात. यूट्यूब फोर-केसाठी २० सांगते, १०८० पीसाठी ५. आमचा टीव्ही फोर-के नाही. म्हणजे हॉलमध्ये एक एचडी पिक्चर, आतल्या खोलीत लेकीच्या टॅबवर दुसरा, दोघांचे फोन, सगळं धरून २० एमबीपीएसच्या वर जायचं कारण नाही. आमचा प्लॅन होता १०० चा.

इथे एक गफलत हमखास होते. प्लॅनवर लिहिलेले असतात ते मेगाबिट्स, आणि फाइल डाउनलोड करताना फोन दाखवतो ते मेगाबाइट्स. आठ बिटांचा एक बाइट. १०० च्या प्लॅनवर डाउनलोड १२ च्या आसपास दिसलं तर कुणी तुम्हाला फसवलेलं नाही. आमच्या शेजारच्या काकू याच मुद्द्यावर केबलवाल्याशी दोन महिने भांडत होत्या.

डेटा संपल्यामुळे स्पीड पडतो का, हेही बघून घेतलं. नेटफ्लिक्सच्या हिशेबात एचडी तासाला ३ जीबीपर्यंत खातं, फोर-के ७ जीबीपर्यंत. रोज चार तास फोर-के बघितलं तरी महिन्याला ८४० जीबी. आमच्या प्लॅनची मर्यादा ३,३०० जीबी. मर्यादा लहान असेल आणि दुखणं महिन्याच्या शेवटी शेवटीच उपटत असेल तर मात्र आधी इथेच बघा, पुढचं वाचायची गरज पडणार नाही.

एवढा हिशेब वहीत मांडलेला असूनही नवऱ्याने प्लॅन १०० चा २०० केला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. त्या रात्री नऊ वाजता चक्र पुन्हा हजर.

मोजायचं ते स्टिकवर, आणि अडकतं त्या वेळेला

आम्ही काय करत होतो, तर राउटरशेजारी उभं राहून फोनवर स्पीड टेस्ट घेत होतो. १८८ यायचे. मग समाधानाने टीव्हीकडे वळायचं आणि टीव्ही अडकायचा. फोनचा स्पीड हा फोनचा स्पीड असतो. स्टिकमध्ये ब्राउझर टाकून फास्ट डॉट कॉम उघडलं (ही साइट नेटफ्लिक्सचीच आहे, म्हणून या कामाला चांगली), तर त्याच मिनिटाला, त्याच घरात, स्टिकला मिळत होते ११. तेही स्थिर नाही. ११, ४, ९, २ असे उड्या मारत.

यूट्यूबच्या टीव्ही ॲपमध्ये व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चाकात ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ म्हणून एक पर्याय असतो. तो लावला की कोपऱ्यात आकड्यांची पाटी येते. त्यात ‘बफर हेल्थ’ नावाची ओळ बघायची. पुढचं किती सेकंदांचं चित्र साठवून ठेवलंय ते तिथे दिसतं. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे: खालून पाणी कमी-जास्त आलं तरी टाकी भरलेली असेल तोवर नळ चालतो. टाकी तळाला गेली की चक्र. आमच्याकडे दिवसा ती ओळ पन्नास-साठ सेकंद दाखवायची आणि रात्री चार, तीन, एक, शून्य.

क्रिकेट जास्त अडकतं ते याचमुळे. सिनेमा आधीच तयार असतो, पुढचे दोन-तीन मिनिटं भरून ठेवता येतात. लाइव्ह मॅचमध्ये पुढचा चेंडू अजून टाकलेलाच नाही, तर साठवणार काय? टाकी मुळातच लहान. म्हणून फक्त मॅच अडकते आणि बाकी सगळं नीट चालतं अशी तक्रार असेल तर स्पीड कमी आहे असं लगेच धरू नका. स्पीड वरखाली होतोय, असं धरा.

वायफायचा भाग

मे महिन्यातलं दुखणं इथलं होतं. स्टिक टीव्हीच्या पाठीमागे, टीव्ही भिंतीला चिकटलेला, मागे लोखंडी ब्रॅकेट, आणि राउटर दाराजवळच्या शू-रॅकवर. मधे एक भिंत आणि फ्रीज. लहरींना जायला वाट कुठे आहे?

शिवाय स्टिक २.४ गिगाहर्ट्झला जोडलेली होती. हा पट्टा लांब जातो, भिंतीतून जातो, म्हणून सगळ्यांचा लाडका. पण त्यात खरोखर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. फोनवर वायफाय ॲनलायझर टाकून बघितलं तर आमच्या हॉलमध्ये २६ नेटवर्कं दिसत होती. सिडकोच्या वसाहतीत समोरच्या बिल्डिंगमधलं कुकर आपल्याला ऐकू येतो, तिथे वायफाय कसं नाही येणार? दिवसा सगळे कामाला, रात्री सगळे घरी. नऊ वाजता हवेतच ट्रॅफिक जॅम. त्यात मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो. कुणी दूध गरम करायला लावलं की तेवढा मिनिटभर चक्र फिरायचं, हे नंतर लक्षात आलं.

केलं ते एवढंच. राउटरच्या पानावर जाऊन २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी केली. एकच नाव असलं की स्टिक आपल्या मर्जीने कुठेही चिकटते, आणि एकदा चिकटली की सुटत नाही. स्टिक ५ ला जोडली, जुनं नाव तिला विसरायला लावलं. स्टिकच्या खोक्यात वीतभर लांबीची एचडीएमआयची वायर आलेली असते, ती आपण ‘जादा’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकतो. ती काढून लावली, म्हणजे स्टिक टीव्हीच्या कडेला बाहेर आली. राउटर शू-रॅकवरून उचलून फ्रीजच्या अलीकडे, उंचावर. स्टिकवर मोजलं, ७४ एमबीपीएस.

५ गिगाहर्ट्झ भिंतीपुढे लवकर दमतो, हे खरं. टीव्ही आतल्या खोलीत असेल, मधे दोन भिंती आणि एक बीम असेल तर ५ वर सिग्नलच येणार नाही. तिथे एक लॅन वायर ओढून घ्या आणि स्टिकला इथरनेट अडॅप्टर लावा. हे अडॅप्टर बहुतेक १०० एमबीपीएसचेच असतात, त्याने बिचकू नका. फोर-केला लागतात १५ ते २०. वायर दिसायला वाईट, पण तिच्यासारखी निर्धास्त गोष्ट नाही. प्लगमध्ये खोचायचे ते वायफाय वाढवणारे डबे मात्र मला फारसे पटले नाहीत. तेही हवेतूनच ओढतात आणि हवेतूनच पुढे देतात. गर्दी असलेल्या हवेत आणखी एक बोलणारा.

मधलं छोटं दुखणं

पंधरा दिवस शांततेत गेले. मग स्टिक मधेच बंद होऊन कंपनीचं चिन्ह दाखवत पुन्हा सुरू व्हायला लागली. हे इंटरनेटचं नाही हे कळायला वेळ लागला, कारण घरात ‘टीव्ही अडकला’ हे एकच वाक्य सगळ्या आजारांना वापरतात. नवऱ्याने वायर नीटनेटकी दिसावी म्हणून स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून दिली होती. साध्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला एक लागतो. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीच्या प्लगमध्ये लावला, विषय संपला. स्टिक हाताला चटका बसेल इतकी तापत असेल किंवा तिची मेमरी ॲप्सनी गच्च भरली असेल तरी ती अशीच वागते.

पावसाळ्यात मग दुखणं अधूनमधून यायचं. जोराचा पाऊस आला की स्पीड जायचा. आम्हीच काय, सगळ्या बिल्डिंगने ते पावसावर ढकललं. जॉइंटमध्ये पाणी गेलं असेल, झाडाची फांदी पडली असेल. पाऊस थांबला की पुन्हा ठीक. पण ऑक्टोबर आला, पाऊस गेला, आणि नऊचं चक्र रोजचं झालं. स्टिक ५ गिगाहर्ट्झवर, वीज प्लगमधून, तरी रोज.

बाहेरचं की आतलं?

आता वायफायवर संशय घेण्यात अर्थ नव्हता, पण संशय नको म्हणून ऑफिसचा लॅपटॉप लॅन वायरने थेट मोडेमला, म्हणजे बाहेरची फायबर येऊन जोडते त्या डब्याला लावला. ही चाचणी सगळ्यांनी करावी. हवेचा संबंधच तोडला की जे उरतं ते बाहेरचं. सकाळी १९४. रात्री सव्वानऊला ६. आणि अपलोड? अपलोड तेव्हाही शंभराच्या वर. हे वहीत लिहिताना मला विचित्र वाटलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

केबलवाल्याचा पोरगा आला, सकाळी अकराला. तारेतला उजेड मोजणारं छोटं पिवळं पॉवर मीटर लावलं, म्हणाला, “ताई, पॉवर एकदम बरोबर आहे, लॉस काहीच नाही. राउटर बदला.” दुसऱ्या वेळेला दुपारी बाराला आला. तेच. तिसऱ्या वेळेला मीच म्हटलं, दादा, रात्री नऊला या. तो हसला. त्याचंही खरं होतं, रात्री नऊला तोही माणूस आहे.

रात्रीची गर्दी, हा पुढचा संशय. फायबरमध्ये एका तारेवरून बत्तीस, कधी चौसष्ट घरांना फाटे दिलेले असतात. घरोघरी फायबर वाटायच्या जीपॉन नावाच्या पद्धतीत त्या सगळ्यांत मिळून साधारण २,५०० एमबीपीएस वाटले जातात. सगळ्या चौसष्ट घरांनी एकाच वेळी पूर्ण जोर लावला तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३९ येतात, म्हणजे आपल्या एचडीला मुबलक. खरी चणचण होते ती पुढे, केबलवाल्याने वरून घेतलेल्या बँडविड्थमध्ये. ती ओळखायची सोपी युक्ती म्हणजे शेजारी. त्याच केबलवाल्याचं कनेक्शन असलेल्या दोन घरांत त्याच वेळेला मोजा. मी रात्री साडेनऊला लॅपटॉप घेऊन चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. काकांना वाटलं सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब आणला. त्यांच्याकडे वायरवर ९६, प्लॅन १०० चा. म्हणजे केबलवाला निर्दोष, किमान त्यांच्या घरापर्यंत. काकांकडे आणि आमच्याकडे फरक होता तो जिन्यातल्या डब्यापासून आमच्या मोडेमपर्यंतच्या वायरचा.

मायनसचे आकडे

मोडेमच्या पाठीवरच्या लेबलवर पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१, आणि लॉगिन. आत ‘पॉन’ किंवा ‘ऑप्टिकल’ नावाच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ म्हणून एक आकडा मिळतो, डीबीएममध्ये, नेहमी मायनस. तारेतून किती उजेड पोहोचतोय त्याचं हे माप. साधारण -१५ ते -२५ असेल तर ठीक. -२७ ही सर्रास वापरल्या जाणाऱ्या मोडेमची कड. त्याच्या खाली गेलं की मोडेमला अक्षरं लागत नाहीत, चुका वाढतात, स्पीड ढासळतो. दर ३ ने आकडा खाली गेला की उजेड निम्मा. उजेड पूर्ण गेला तर ‘लॉस’चा लाल दिवा लागतो आणि निदान स्पष्ट होतं. आमचा दिवा लाल कधी झालाच नाही. झाला असता तर बरं झालं असतं, दोन महिने वाचले असते.

एका रविवारी मी वही घेऊन बसले. सकाळी नऊ, -२१.४. दुपारी एक, -२१.४. चार, -२१.५. सहा, -२१.४. पावणेसात, -२८.३.

पावणेसात! नऊ नव्हेच. आम्ही महिनाभर नऊच्या पाठी लागलो होतो. सात वाजता सासूबाईंची मालिका असते, ती सेट-टॉप बॉक्सवर, तिला इंटरनेट लागत नाही. त्या वेळात फोनवर कुणी मेसेज बघतं, तेवढं ६ एमबीपीएसमध्येही चालतं. स्टिक सुरू होते जेवणं झाल्यावर, नऊला. दुखणं पावणेसातला यायचं, आम्हाला दिसायचं नऊला. गर्दी, हवा, केबलवाला, सगळे संशय त्या नऊच्या आकड्यावर उभे होते.

मग पावणेसातला घरात होतं काय? दिवे लागतात. देवापाशी निरांजन लागतं. आणि आई, म्हणजे सासूबाई, हॉलची खिडकी लावतात. ऐरोलीत खाडीच्या बाजूला राहणाऱ्याला डासांचं कारण सांगायला नको. उन्हाळ्यात ती खिडकी रात्री झोपेपर्यंत उघडी असायची, कारण जाळीचं झापड लावलेलं होतं. पाऊस जाता जाता आलेल्या वादळात जाळी कोपऱ्यातून फाटली. आज लावू, उद्या लावू करत राहिली. तेव्हापासून तिन्हीसांजेला काचेचं झापड बंद. पावसाळ्यात पाऊस आत येतो म्हणूनही बंद. म्हणजे पावसाने नेट जायचं ते जॉइंटमध्ये पाणी जाऊन नव्हे.

उठून खिडकीपाशी गेले. केबलवाल्याने फायबर आणताना भिंतीला भोक न पाडता वायर खिडकीच्या चौकटीतून घेतली होती, खालच्या कोपऱ्यातून. जिन्यातल्या डब्यापासून घरात येणारी काळी चपटी ड्रॉप वायर. झापड सरकून चौकटीत बसतं तिथे ती अॅल्युमिनियमच्या कडेत काटकोनात मुडपली होती. हात लावला तर वायरवर खाच लागत होती, नखाएवढी, आणि तिथलं आवरण चकचकीत झालं होतं, रोज घासून. लेकीला लॅपटॉपपाशी बसवलं आणि म्हटलं, पान रिफ्रेश करत राहा, आकडा ओरड. झापड चार बोटं उघडलं. “एकवीस पॉइंट पाच!” लावलं. “अठ्ठावीस!” उघडलं. “एकवीस!” आई आतून म्हणाल्या, “अगं, डास येतायत, काय खेळ मांडलाय?”

सात अंकांचा फरक, म्हणजे उजेडाचा पाचवा हिस्साच पोहोचत होता. काचेची तार आहे ती. तुटली नव्हती, पण काटकोनात वाकवली की उजेड वळणावर बाहेर सांडतो. आणि अपलोड का शाबूत होता तेही इथेच उलगडलं. येणारा डेटा १,४९० नॅनोमीटरच्या उजेडावरून येतो, जाणारा १,३१० वरून. लांब तरंगाचा उजेड वळणावर जास्त सांडतो. म्हणून डाउनलोड लोळलं होतं आणि अपलोड उभं होतं. डाउनलोड पडलंय, अपलोड टिकून आहे, आणि वायरवर मोजलंय, असं असेल तर राउटर बदलण्याआधी वायर कुठे दबलीय ते शोधा. सोफ्याच्या पायाखाली, कपाटामागे, दाराच्या बिजागरीत, खिळ्याच्या क्लिपमध्ये. मोडेमजवळची ती पातळ पिवळी किंवा पांढरी पॅच कॉर्डही बघा. घर आवरताना तिला रबरबँड लावून घट्ट गुंडाळणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांत आमच्याच घरातले एक आहेत.

दुरुस्ती काय केली

त्या रात्रीपुरतं झापड दोन बोटं उघडं ठेवून फटीत जुना टॉवेल कोंबला. दुसऱ्या दिवशी पोरग्याला फोन करून या वेळी ‘नेट अडकतंय’ असं सांगितलंच नाही. सांगितलं, खिडकी उघडी असताना -२१.४, लावली की -२८.३, ड्रॉप वायर दबलीय, ड्रिल घेऊन ये. तो त्याच दिवशी संध्याकाळी आला. आकडा ऐकल्यावर त्याचा आवाजच बदलला होता.

भिंतीला भोक पाडलं, आतून बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, म्हणजे पाणी आत वाहून येत नाही. बाहेर भोकाच्या आधी वायरला खाली झोळ दिला, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतात. भोक सिलिकॉनने बंद. खाच पडलेला तुकडा कापून नवीन कनेक्टर बसवला. हिरवा कनेक्टर हिरव्यातच जातो, निळा निळ्यात. दोन्ही एकमेकांत बसतात पण हिरव्याचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे उजेड फुकट जातो. उरलेली वायर चहाच्या बशीएवढ्या वेटोळ्यात ठेवली. साध्या फायबरला तीन सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा आवळू नये, असं तो म्हणाला, आणि ते बरोबर आहे. जास्त वाकणारी फायबर मिळते, पण आपल्याकडे कोणती टाकलीय ते कोण बघायला गेलंय? आणि हो, सुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून उजेड येतोय का बघू नका. तो लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. नवरा बघायला निघालाच होता.

भाड्याच्या घरात भोक पाडता येत नसेल तर एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक बघा, त्यातून ही वायर आरामात जाते.

काम झाल्यावरचा आकडा -२०.८, खिडकी लावून. प्लॅन परत १०० वर आणला.

अजून दोन-तीन गोष्टी, ज्या आमच्याकडे नव्हत्या पण ओळखीच्यांकडे निघाल्या. घणसोलीच्या मैत्रिणीकडे रात्री अकराला अडकायचं. फोन चार्जिंगला लागले की सगळे फोटो क्लाउडवर चढायला लागायचे आणि दाराचा कॅमेराही. अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडही रखडतं, कारण ‘मिळालं, पुढचं पाठव’ ही पोच त्याच वाटेने जाते. बॅकअप मध्यरात्रीनंतर लावा. ठाण्याला माझ्या भावाकडे वीज सेकंदभर जाऊन यायची. इन्व्हर्टरवर टीव्ही होता पण मोडेम नव्हता, आणि मोडेम पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. मोडेमसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला. आणि डीएनएस बदला, ८.८.८.८ टाका, हा सल्ला सगळे देतात. डीएनएस म्हणजे पत्ता विचारणं. व्हिडिओ सुरू व्हायलाच वेळ लागत असेल तर फरक पडेल. मधे अडकत असेल तर पत्ता केव्हाच मिळालेला असतो.

तक्रार करायची वेळ आली तर तोंडी सांगून सोडू नका, तक्रार क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांत तशी सोय आहे. तिथेही तारीख, वेळ आणि आकडा असलेली वहीच कामाला येते.

जाळी अजून लावलेली नाही. पावणेसातला आई खिडकी लावतात आणि लावण्याआधी आतल्या खोलीकडे बघून विचारतात, “लावू का गं? तुझं नेट बंद नाही ना पडणार?”